यंत्राचे मौन आणि मनाची साक्ष



गेल्या रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांतील गोष्ट. तरावीह आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. रे रोडच्या आमच्या वस्तीला त्या वेळीही जाग असते. दारूखान्याकडून लोखंड लादलेला एखादा ट्रक येत असतो, हार्बरची गाडी स्टेशनात शिरत असते. पायऱ्यांशी आमच्याच मोहल्ल्यातील एक भगिनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. कुटुंब मूळचे रत्नागिरीकडचे. पती दारूखान्यात भंगार लोखंडाच्या गाळ्यावर कामाला. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"मौलाना, एक मसला विचारायचा आहे," त्या म्हणाल्या.

परळकडच्या एका मोठ्या दुकानातून त्यांनी ईदची खरेदी केली होती. घरी येऊन बिल पडताळले, तेव्हा धाकट्या मुलीचा फ्रॉक बिलात नसल्याचे दिसले. किंमत सहाशे एकोणपन्नास रुपये. दोन कपड्यांच्या घडीत तो दडून राहिला होता आणि काउंटरवरील मुलीच्या नजरेतून निसटला होता. पैसे देऊन यायला हवे, असे आईने म्हणताच मुलगा म्हणाला, "अम्मी, आपण काही लपवले नाही. सर्वांसमोर दारातून बाहेर आलो. यंत्रसुद्धा वाजले नाही. वाजले नाही, म्हणजे संपले."

"परत करायचे हे मला ठाऊक आहे, मौलाना," त्या म्हणाल्या. "पण याला काय उत्तर देऊ? आणि दुसरे असे की, बिलाशिवायचा कपडा हातात घेऊन मी त्या दारात उभी राहिले, तर मलाच चोर समजणार नाहीत ना?"

वाचकहो, या भगिनीने एका दमात दोन प्रश्न विचारले. यंत्र गप्प राहिले, तर माणूस निर्दोष ठरतो काय? आणि यंत्र ओरडले, अथवा ओरडेल अशी धास्ती वाटली, तर माणूस दोषी ठरतो काय? त्या रात्री मी त्यांना थोडक्यात उत्तर दिले. परंतु हे प्रश्न एका घराचे नाहीत. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंब आज त्या दारातून ये-जा करते. म्हणून येथे ते सविस्तर मांडीत आहे.

चकतीला काय कळते?

प्रथम हे यंत्र काय आहे, ते समजून घेऊ. दुकानाच्या दाराशी दोन्ही बाजूंना उंच खांब किंवा चौकटी उभ्या असतात. त्यांतून सतत रेडिओलहरी सोडल्या जातात. कपड्याला अडकवलेली प्लास्टिकची चकती किंवा खोक्याच्या आत लावलेली चौकोनी चिकटपट्टी यांच्या पोटात धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी आणि एक चिमुकला कपॅसिटर असतो. बॅटरी नसते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलका धक्का दिला की तो झुलू लागतो. त्याचप्रमाणे ठरावीक कंपनसंख्येची लहर आली की हे मंडल थरथरू लागते. रेडिओलहरींवर चालणाऱ्या बहुतेक चकत्यांची ही कंपनसंख्या 8.2 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे 82 लाख कंपने, इतकी असते. ती थरथर खांबाला जाणवते आणि घंटा वाजते. पैसे चुकते झाल्यावर काउंटरवरची व्यक्ती कडक चकती चुंबकाने सोडवते. चिकटपट्टी असेल, तर तिच्यावर जोरदार लहर सोडून आतला कपॅसिटर निकामी करते. मग ती पट्टी मुकी होते. 1960 च्या दशकात अमेरिकेत आर्थर मिनासी यांनी अशा प्रकारची यंत्रणा व्यवहारात आणली आणि पुढे ती जगभर पसरली.

या विद्येचे जाणकार सांगतात की, अशा चकतीत अवघी एक बिट माहिती असते: आहे किंवा नाही. तिला वस्तूचे नाव ठाऊक नसते, किंमत ठाऊक नसते, ती कोणाच्या हातात आहे हेही ठाऊक नसते. अलीकडे आरएफआयडी चकत्या आल्या आहेत. त्या वस्तूचा क्रमांक सांगू शकतात. परंतु वस्तू धरणाऱ्या हातामागे कोणती नियत आहे, हे त्याही सांगू शकत नाहीत. आणि आपला दीन तर नियतीपासूनच सुरू होतो. कर्मे नियतीवर अवलंबून असतात, या आशयाची हदीस इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ठेवली आहे.

म्हणजे दाराशी उभे असलेले हे फाटक वस्तूची राखण करते. माणसाचा न्याय ते करीत नाही, करूही शकत नाही. घोटाळा होतो तो आपण त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवतो तेव्हा. मुलगा त्याच्या मौनाला निर्दोषत्वाचा निवाडा समजला. त्याच्या आवाजाला पुष्कळ लोक शिक्षेचा निवाडा समजतात. चूक दोन्हीकडे एकच आहे.

मौन म्हणजे माफी नव्हे

आधी मौनाचा विचार करू.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही सहीह संग्रहांत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा: प्रेषितांनी (स.) सांगितले की, मीही माणूसच आहे. तुम्ही आपले तंटे माझ्याकडे आणता. एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे मांडतो आणि मी जे ऐकतो त्यावरून निकाल देतो. अशा निकालाने मी कोणाला त्याच्या भावाचा हक्क देऊन बसलो, तर त्याने तो घेऊ नये. कारण मी त्याला आगीचा एक तुकडा देत असतो.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. साक्षात अल्लाहच्या प्रेषितांचा (स.) निकालसुद्धा परक्याची वस्तू आपल्यासाठी हलाल करीत नाही. मग एक बिट माहितीच्या यंत्राचे मौन ती हलाल कसे करील? त्या फ्रॉकवर चकती लावायची राहून गेली असेल किंवा पट्टीतील मंडल आधीच बिघडले असेल. तो दुकानाचा हलगर्जीपणा झाला. दुसऱ्याच्या हलगर्जीपणातून आपल्याला मालकी मिळत नाही.

येथे एक भेदही लक्षात ठेवला पाहिजे. दुकानातून घरी येईपर्यंत या मातेने कोणतेही पाप केले नव्हते. चूक आणि विसर यांबद्दल अल्लाह दयाळू आहे. परंतु बिल पडताळून सत्य कळले, त्या क्षणापासून तो फ्रॉक तिच्या घरात दुकानदाराची अमानत झाला. कळल्यानंतर ठेवून घेणे ही चूक उरत नाही, ती निवड होते. शिवाय हा हक्कुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे. उलमांनी तौबाच्या अटी सांगताना स्पष्ट केले आहे की, पाप सोडणे, त्याबद्दल पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निर्धार करणे एवढ्याने माणसांचा हक्क फिटत नाही. तो हक्क ज्याचा त्याला परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. सत्ताविसाव्या रात्री कितीही अश्रू ढाळले, तरी सहाशे एकोणपन्नास रुपये काउंटरवरच द्यावे लागतात.

काही जण म्हणतात, "एवढी मोठी कंपनी, तिला सहाशे रुपयांनी काय होणार?" खैबरच्या मोहिमेनंतरचा प्रसंग आठवा. लढाईत मिळालेल्या मालाची वाटणी होण्यापूर्वी एका सेवकाने त्यातील एक चादर घेतली होती. पुढे तो बाण लागून मरण पावला. लोक त्याला शहीद म्हणून धन्य मानू लागले, तेव्हा ती चादर त्याच्यावर आग होऊन पेटली असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. ते ऐकून एक मनुष्य बुटाचे एक-दोन बंद घेऊन धावत आला आणि तेही आगीचेच असल्याचे त्याला कळले. मालक मोठा असल्यामुळे वस्तूचे हिशोबातील स्थान लहान होत नाही. सूरह लुकमानमध्ये एक पिता आपल्या मुलाला समजावतो की, मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात, आकाशांत किंवा जमिनीत कोठेही असली, तरी अल्लाह ती पुढे आणील. मी त्या मुलाला हेच सांगितले. फाटकाला चकती लागते. अल्लाहला चकती लागत नाही.

आमच्या परिसराच्या आठवणीत याचे एक उदाहरण आहे. 14 एप्रिल 1944 रोजी येथून जवळच, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. त्यावर सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी होत्या. शिवाय 31 पेट्यांत 124 सोन्याच्या विटा होत्या. त्या विटा हवेत उडाल्या आणि कोठकोठे जाऊन पडल्या. त्यांपैकी एक वीट एका वृद्ध पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. बंदर जळत होते, माणसे सैरावैरा धावत होती. कोणते फाटक नव्हते आणि त्या घडीला कोणी मोजदाद करीत नव्हते. त्या गृहस्थांनी वीट परत केली. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण अमानत म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक कलिमा वाचणाऱ्याने स्वतःला विचारावे की, छप्पर फोडून सोने माझ्या घरात पडले असते, तर माझा हात कोठे गेला असता?

आवाज म्हणजे गुन्हा नव्हे

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर मला ग्रंथांपूर्वी अनुभवाने दिले.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी शाळेचे बूट घ्यायला एका दुकानात गेलो होतो. पैसे दिले, बिल घेतले आणि दाराशी येताच घंटा वाजली. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर दाढी, अंगात कुर्ता आणि वाजणारे फाटक! सर्वांच्या नजरा वळल्या. पहारेकऱ्याने मला बाजूला घेतले, पिशवी टेबलावर उपडी केली, बिल आणि वस्तू ताडून पाहिल्या. बुटांच्या खोक्यातील पट्टी काउंटरवर निकामी करायची राहून गेली होती. "सॉरी, जा," एवढेच शब्द आले. रस्त्यावर मुलीने विचारले, "अब्बा, आपण काय घेतले होते?" मी थांबून तिला बिल दाखवले. तिला अजून वाचता येत नव्हते.

त्या दिवशी माझा संताप घरापर्यंत टिकला. हे माझ्या टोपीमुळे झाले, असे मी पत्नीला सांगितले. रात्री शांतपणे विचार केला, तेव्हा लक्षात आले की, फाटकाला माझी टोपी दिसत नव्हती. ज्या नजरा वळल्या, त्यांच्यामागे काय होते, हे मला ठाऊक नव्हते. ज्या बदगुमानीची मी तक्रार करीत होतो, तीच मी त्या सर्वांविषयी करून बसलो होतो. सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत संशयापासून दूर राहण्याचा, टेहळणी न करण्याचा आणि पाठीमागे निंदा न करण्याचा जो आदेश आहे, तो पहारेकऱ्याइतकाच मलाही लागू होता.

मात्र म्हणून जे घडले ते योग्य होते, असे नव्हे. त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना बजावले आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा. नाहीतर अज्ञानाने कोणाला इजा पोचवाल आणि मागाहून पस्तावाल. यंत्राची घंटा हीसुद्धा एक बातमीच आहे, आणि बातमी आणणारा बेभरवशाचा आहे. काउंटरवरच्या विसराने, दुसऱ्या दुकानातून आलेल्या पट्टीने, बाजूने जाणाऱ्या परक्या पिशवीनेही ती वाजते. अशा बातमीवर शहानिशा करणे रास्त आहे. परंतु शहानिशा म्हणजे तमाशा नव्हे. "जरा बिल पाहू का?" हे चार शब्द हळू आवाजात विचारता येतात. पिशवी भर दारात उपडी न करता आडोशाला पाहता येते. आणि चूक दुकानाची निघाली, तर ज्या आवाजात थांबवले त्याच आवाजात क्षमा मागता येते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण मराठी माणसे उगाच वापरीत नाही.

आमच्या मशिदीत येणारे काही तरुण अशाच दुकानांत, मॉलमध्ये पहारेकरी म्हणून काम करतात. बारा-बारा तास उभे राहून ते कुटुंब पोसतात. त्यांना मी एक घटना सांगत असतो. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्यापुढे एका माणसाला आणून लोक म्हणाले की, याच्या दाढीतून दारू ठिबकत असते. त्यांनी उत्तर दिले की, आम्हाला टेहळणी करण्यास मनाई आहे. मात्र काही उघड झाले, तर आम्ही त्याची दखल घेऊ. बंधूंनो, तुमच्या नोकरीची सीमारेषा यात आहे. घंटा वाजली, तर विचारा. ते तुमचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर करणे ही अमानतीत खयानत होईल. परंतु बुरखा पाहून, फाटकी चप्पल पाहून, बोली ऐकून कोणाच्या मागे फिरू नका. अबू दाऊद यांच्या संग्रहात प्रेषितांची (स.) ताकीद आली आहे. तिचा आशय असा की, लोकांचे दोष हुडकत राहिलात, तर तुम्ही त्यांना बिघडवून टाकाल. ज्याला रोज चोरासारखे पाहिले जाते, त्याच्या मनात एक दिवस येते की, नाव तर झालेच आहे, मग वस्तू का सोडावी? अशा रीतीने संशय स्वतःच चोर घडवतो.

याबाबतीत यंत्र माणसापेक्षा बरे, हेही मान्य केले पाहिजे. 1999 साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला ज्याच्यापाशी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसे त्याच्याकडून प्रवेशाचे पैसे मागितले जात. त्या काळी ही दोन्ही साधने श्रीमंतांची होती. तेथे गाळणी माणसाच्या ऐपतीची होती. चकतीला निदान गरीब-श्रीमंत कळत नाही. भेदभाव सुरू होतो तो घंटेनंतर: कोणाला हसून जाऊ देतात आणि कोणाची पिशवी उपडी करतात, तेथे.

राखण करणे गैर आहे काय?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग ही फाटके काढूनच टाकावीत. विश्वासावर दुकान चालवावे. शरीअतचे म्हणणे तसे नाही. उंट बांध आणि मग अल्लाहवर भिस्त ठेव, या आशयाची तिर्मिझी यांच्या संग्रहातील हदीस सर्वांना ठाऊक आहे. फिकहच्या ग्रंथांत चोरीच्या प्रकरणात हिर्ज नावाची एक संकल्पना येते. हिर्ज म्हणजे वस्तूची सुरक्षित राखण. फुकहांनी तिचे दोन प्रकार सांगितले आहेत: जागेने होणारी राखण, जसे घर किंवा कुलूपबंद पेटी, आणि राखणदाराने होणारी राखण. सफवान बिन उमय्या (रजि.) मशिदीत आपली चादर उशाशी घेऊन झोपले होते. चोराने ती काढून नेली. मशीद सर्वांना खुली असते. तरीही मालक वस्तूपाशी होता म्हणून ती राखणीत होती, असे फुकहांनी म्हटले. आजची चकती ही त्या उशाखालच्या चादरीसारखी आहे. मालक दारात बसून राहू शकत नाही, म्हणून तो वस्तूलाच बोलते करतो. यात गैर काही नाही. उलट, माल उघडा टाकून दुबळ्या मनाच्या माणसाला मोहात पाडण्यापेक्षा हे बरे.

याच घटनेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. चोराला प्रेषितांसमोर (स.) आणल्यावर सफवान (रजि.) यांना दया आली आणि ते त्याला माफ करू लागले. तेव्हा, माझ्याकडे आणण्यापूर्वीच माफ का केले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले. शिक्षा देणे हे न्यायासनाचे काम आहे. आपल्या देशात ते काम भारतीय न्याय संहितेनुसार न्यायालय करते. ते दुकानाच्या मागल्या खोलीत कोणी करायचे नसते. परंतु प्रकरण तेथवर जाण्याआधी माफीचे दार मालकाच्या हातात असते. एखाद्या मुलाने भुकेपायी बिस्किटाचा पुडा उचलला, तर त्याचे छायाचित्र सर्वत्र फिरवण्यापूर्वी मालकाने सफवान (रजि.) यांना झालेला तो प्रश्न स्वतःला विचारावा.

फाटक कोणाकडे तोंड करून उभे आहे?

आता एक गोष्ट आपल्यातील व्यापाऱ्यांसाठी. आमच्या मोहल्ल्यात गिरणीत काम केलेले एक वृद्ध आहेत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि त्यांचे काम कायमचे सुटले. पाळी संपली की गेटवर हात वर करून झडती द्यावी लागे, असे ते सांगतात. "झडतीचे वाईट वाटायचे नाही," ते म्हणाले, "साहेबाची मोटार मात्र कोणी तपासायचे नाही, त्याचे वाटायचे." आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. झडतीचे काम लहरी करतात. परंतु फाटकाचे तोंड अजूनही एकाच दिशेला आहे. ग्राहक न दिलेल्या पैशाची वस्तू नेऊ लागला, तर ते वाजते. मालाचे वजन कमी भरले, जुना माल नवा म्हणून खपवला, सवलतीच्या नावाने किंमत आधी वाढवून मग उतरवली, तर कोणती घंटा वाजते?

दारूखान्यात लोखंड ज्या मोठ्या काट्यावर तोलतात, त्याला आपण धर्मकाटा म्हणतो. हे नाव मला फार आवडते. लोखंडाच्या तुकड्याला कोणी चकती लावीत नाही; सारा व्यवहार त्या काट्यावर आणि तो वाचणाऱ्याच्या इमानावर चालतो. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी भरणारे यांच्यासाठी पवित्र कुरआनात एक संपूर्ण सूरह, अल-मुतफ्फिफीन, त्यांच्याच नावाने आली आहे. हजरत शुऐब (अलै.) यांच्या मदयनवासीयांना मापातील लबाडीबद्दलच इशारा दिला गेला होता.

दुकानदार ज्याला तूट म्हणतात, तिच्यात ग्राहकाने उचललेला माल असतो. पण नोकरांनी नेलेला, पुरवठादाराने कमी धाडलेला आणि कागदावर चुकलेला मालही तिच्यातच असतो. मग प्रश्न येतो की, नोकर का नेतो? मुवत्ता इमाम मालिकमध्ये एक हकीकत आहे. हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतील एका माणसाची उंटीण चोरून कापली. प्रकरण हजरत उमर (रजि.) यांच्याकडे आले. मालक या गुलामांना उपाशी ठेवतो, असे दिसून आल्यावर त्यांनी दंडाचा भार मालकावर टाकला. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती, हातिब (रजि.) यांनी आठशे द्यावेत, असा निकाल त्यांनी दिला. चोरी ही चोरीच राहिली, पण तिच्या मुळाशी ज्याचा हात होता, त्याच्याकडेही बोट दाखवले गेले. आपल्या गाळ्यावर, आपल्या दुकानात काम करणाऱ्या पोराची मजुरी वेळेवर आणि पुरेशी दिली का, हे न विचारता केवळ त्याचे खिसे तपासणारा व्यापारी अर्धाच न्याय करतो.

त्या फ्रॉकचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी जुहरनंतर मी त्या माय-लेकरांबरोबर दुकानात गेलो. "कर नाही त्याला डर कशाला," असे म्हणणे सोपे असते. त्या भगिनीने काहीही केलेले नव्हते आणि तरी त्यांचे हात थरथरत होते. प्रामाणिक माणसालाही दाराची भीती वाटावी, ही आपल्या काळाची खूण आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो, "भाभी, पिशवीत ठेवू नका. हातात उघडा धरा आणि विचारण्यापूर्वी तुम्हीच सांगा."

त्यांनी तसेच केले. दारावरच्या पहारेकऱ्याला कालचे बिल दाखवून त्या म्हणाल्या, "हा फ्रॉक बिलात राहून गेला होता. पैसे द्यायला आले आहे." तो क्षणभर पाहतच राहिला, मग म्हणाला, "या ताई, आत या." काउंटरवर कालचीच मुलगी होती. तिचा चेहरा उतरला. हळूच विचारू लागली, "तुम्ही वर साहेबांना सांगितलेत का?" तेव्हा माझ्या ध्यानात आले की, दुकानात भीती एकाच बाजूला नव्हती. "नाही बेटा, तू फक्त बिल कर," भाभी म्हणाल्या. तिने बिल केले. पैसे देऊन आम्ही निघालो.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो. ते वाजले नाही. मुलगा म्हणाला, "मौलाना, कालही वाजले नव्हते." मी म्हणालो, "होय. काल आणि आज यांतला फरक त्याला कळला नाही. तुला कळला ना?" त्याने मान हलवली.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरांतील मुले कॅमेऱ्यांच्या, चकत्यांच्या आणि पासवर्डच्या जगात वाढत आहेत. पकडले न जाणे म्हणजेच प्रामाणिकपणा, असा धडा हे जग त्यांना न बोलता देत असते. त्याला उतारा घरातच मिळू शकतो. खरेदीहून आल्यावर मुलांसमोर बिल पडताळा. जादा आलेले सुटे पैसे मुलाच्याच हाताने परत पाठवा. आणि कोणाकडे संशयाने पाहून तुम्ही चुकलात, तर ती चूकही त्यांच्यासमोर कबूल करा. सूरह हा-मीम सज्दामध्ये सांगितले आहे की, अंतिम दिनी माणसाचे कान, डोळे आणि त्याची त्वचासुद्धा त्याच्याविरुद्ध साक्ष देतील. त्या दिवशी वस्तूला लावलेली चकती नव्हे, आपलेच अंग बोलेल, आणि ते कोणत्याही काउंटरवर मुके करून घेता येणार नाही.

अल्लाह आपल्या हातांना परक्याच्या हक्कापासून, आपल्या नजरांना बदगुमानीपासून आणि आपल्या मापांना कमतरतेपासून वाचवो; आणि जेथे कोणी पाहत नाही तेथे तो पाहतो आहे, ही जाणीव आपल्या आणि आपल्या मुलांच्या अंतःकरणात जागी ठेवो. आमीन.